उलटी चाल

कोजागिरी होऊन चार दिवस झालेत.
काल रात्री पहिल्यांदाच पंखा दोनवर केला,
पायाशी चादर घेतली,
आणि पहाटे तीच लाथाडून
बुटांच्या नाड्या बांधायला बसले.
वय एकावन्न. गुडघा डावा, कुरकुर जुनी.

फुटाळ्याच्या काठाने आधी सावकाश.
पाण्यावर धूर आहे की धुकं, ठरत नाही.
बंद गाड्यांपाशी कालच्या भाजल्या कणसांचा वास.
एक कुत्रं दोनशे पावलं सोबत येतं,
मग आपली हद्द संपली म्हणून थांबतं,
पटवाऱ्यासारखं.

इथून चढ.
सेमिनरी हिल्सच्या वळणावर सातवीण इतकी फुललीय
की श्वास घ्यावा तर डोकं जड होतं,
न घ्यावा तर धावायचं कसं?
कडेला तरोट्याच्या शेंगा वाळत आल्यात,
कुरडूचे तुरे अर्धे गुलाबी, अर्धे विसरलेले,
सागाच्या पानांची किड्यांनी चाळणी केलीय,
तिच्यातून आभाळ गाळून येतं.

थप्-थप्, थप्-थप्.
हा ताल मला कुणी शिकवला नाही.
तांडापेठेत आमच्या बोळीत पहाटे चारला माग सुरू व्हायचे,
खट्, धोटा इकडे, खट्, धोटा तिकडे,
त्यातच मी झोपायची, त्यातच उठायची.
माग गेले. कुणी ऑटो घेतला,
कुणी मांजा-पतंगाचं दुकान टाकलं.
ताल कुठं जाणार? पायात राहिला,
बिनभाड्याचा.

दुसऱ्या वळणावर निनावे सर.
आम्हाला भूमिती शिकवायचे.
माकडटोपी, हाफ पँट,
आणि चढाकडे पाठ करून
एकेक पाऊल मागे टाकत वर निघालेले.
'काहून धावतेस वं एवढी?'
सहा वर्षं झाली, रोज हेच.
'अन् तुम्ही काहून उलटे, सर?'
'गुडघ्यासाठी. शिवाय
तू वर जाऊन जे पाहतेस
ते मी रस्ताभर पाहतो.'
मी हसून पुढे.
माझ्यापुढे डांबर आणि माझीच धाप.

वर.
कमरेवर हात. घाम कानामागून ओघळतो
आणि वारा तो पुसून नेतो.
मे महिन्यात हाच वारा चामडी सोलत होता
हे आज कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.
खाली गाव.
मेट्रो आली तरी आम्ही गावच म्हणतो.
दीक्षाभूमीचा पांढरा घुमट,
दसऱ्याच्या गर्दीनंतर निवांत.
किल्ल्याची टेकडी, तिच्यामागे कुठली तरी गाडी
भोंगा देते, दिसत नाही.
उत्तरेला कोराडीच्या चिमण्या आळस देतात.
आणि पार पूर्वेला, सूर्य निघतो तिथं,
सगळं एकच पिवळं, धूसर.
त्यात तांडापेठ असणार. त्यात ती गच्ची असणार
जिच्यावर मी आणि शालू पराते
एक सिगारेट दोघींत ओढून
दोन दिवस बडीशेप खात हिंडलो.
बोट ठेवून दाखवता येत नाही.

मग काय वाटलं कोण जाणे,
उतरले खाली सरांपर्यंत,
वळले, आणि त्यांच्या शेजारी
उलटी चालायला लागले.
पहिल्याच पावलाला तोल गेला.
'खड्डा आला तर, सर?'
'येऊ दे. रस्ता पाठ आहे.'

ताल पार बिघडला.
टाच चाचपडते, पोटऱ्या वेगळ्याच जागी दुखतात.
पण झाडांच्या शेंड्यांमागून
आधी फुटाळ्याचं पाणी वर आलं,
मग घुमट, मग क्रेन, मग टाक्या, गच्च्या, गच्च्या,
प्रत्येक पावलाला थोडं जास्त गाव,
मी न मागता
कुणी ताटात वाढत राहावं तसं.

'पुरे का?' सर म्हणाले.
मला वाटलं गावाबद्दलच विचारतात.
ते पोह्यांबद्दल बोलत होते,
खाली कोपऱ्यावर गाडी लागली होती.
'नाही,' म्हटलं, 'अजून थोडं.
आणि तर्री जास्त.'